विश्लेषण : लोखंडाच्या खाणीपासून ट्रेकिंगच्या परवान्यापर्यंत… कुद्रेमुखचा डोंगर कसा सुटला?

कर्नाटकातील कुद्रेमुखची लोहखनिज खाण ३१ डिसेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. पाव शतक चाललेली यंत्रे थांबली आणि कंपनीने वसवलेले गाव हळूहळू रिकामे होत गेले. आज त्याच डोंगररांगेतील शिखरावर चढण्यासाठी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी ट्रेकर्सच्या यादीतही हे नाव आता ठळकपणे असते. मात्र समाजमाध्यमांवरील हिरव्यागार छायाचित्रांमागे इराणच्या शहाचा पैसा, तीन नद्यांची उगमस्थाने, एका निवृत्त वनाधिकाऱ्याची याचिका आणि कोट्यवधी टन गाळ अडवून उभे असलेले मातीचे धरण आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते.

कुद्रेमुख नेमके कुठे आहे?

कन्नडमध्ये ‘कुदुरे’ म्हणजे घोडा. एका बाजूने पाहिले की शिखराची कड घोड्याच्या तोंडासारखी दिसते, म्हणून कुद्रेमुख. चिक्कमगळुरू जिल्ह्यात, कळस गावापासून जवळ असलेले हे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटर उंच आहे. तुलनेसाठी, महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे आहे. पश्चिमेला दक्षिण कन्नड जिल्ह्याची सखल किनारपट्टी आहे. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून अरबी समुद्राची रेघही दिसते.

महाराष्ट्रातला सह्याद्री पाहिलेल्या माणसाला इथे पहिली गोष्ट खटकते ती डोंगरांच्या आकाराची. आपल्याकडचे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाले. त्यामुळे त्यांना पायऱ्या आहेत, सरळसोट कडे आहेत, माथ्यावर पठारे आहेत. हा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कुद्रेमुखपर्यंत तो पोहोचतच नाही. इथला खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. तो झिजून झिजून गोलाकार झाला असून एकामागे एक हिरव्या लाटा उभ्या राहाव्यात तशा डोंगरांच्या ओळी दिसतात. याच प्राचीन खडकात लोखंड आणि गारगोटीचे पातळ थर एकाआड एक बसलेले आहेत. पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या थरांमध्ये आहे.

ज्यावर चढतो तोच डोंगर खणला गेला का?

नाही. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. घोड्याच्या तोंडाच्या शिखराला खाणीने हात लावला नाही. खाणकाम झाले ते याच रांगेतील अरोली टेकडी आणि तिच्या आसपासच्या भागात, भद्रा नदीच्या अगदी वरच्या खोऱ्यात. कंपनीने वसाहत बांधली ती मल्लेश्वर नावाच्या वस्तीजवळ. पुढे त्या वसाहतीलाच ‘कुद्रेमुख’ म्हटले जाऊ लागले आणि गोंधळ सुरू झाला. आज नकाशावर ‘कुद्रेमुख’ असे शोधले तर कधी गाव दाखवले जाते, कधी शिखर. प्रत्यक्षात शिखराकडे जाणारी वाट या गावातून सुरूच होत नाही. ती सुरू होते कळसजवळच्या संसे भागातून, मुल्लोडी नावाच्या छोट्या वस्तीपासून. गावाचा पत्ता घेऊन पहाटे तिथे पोहोचलेल्यांना पुन्हा घाटातून बरेच अंतर कापावे लागते.

लोखंड कधी सापडले आणि त्यात इराण कुठून आला?

म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातील पी. संपत अय्यंगार यांनी १९१३ मध्ये येथील लोहखनिजाची नोंद केली. पण पुढची अर्धशतके ते जमिनीतच राहिले. कारण खनिज भरपूर असले तरी कमी प्रतीचे होते. हे मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज. त्यात लोखंडाचे प्रमाण जेमतेम ३८ टक्क्यांच्या आसपास. थेट भट्टीत टाकावे असे ते नव्हते. शिवाय वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, रस्ते नसलेल्या जंगलात खाण चालवायची म्हणजे मोठे भांडवल हवे.

ते मिळाले १९७५ मध्ये. तेलाच्या पैशांनी श्रीमंत झालेल्या इराणच्या शहांना स्वतःचा पोलाद उद्योग उभारायचा होता आणि त्यासाठी लोहखनिज हवे होते. भारताशी करार झाला. इराणने ६३ कोटी डॉलर कर्ज द्यायचे आणि भारताने सुमारे दोन दशकांत १५ कोटी टन समृद्ध खनिज पुरवायचे, असा तो सौदा. एप्रिल १९७६ मध्ये त्यासाठी ‘कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी लिमिटेड’ अर्थात केआयओसीएल ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली.

प्रकल्प पूर्ण होत आला आणि १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली. शहा देशाबाहेर गेले. ठरलेल्या कर्जापैकी सुमारे २५ कोटी डॉलर मिळाल्यानंतर पैसा थांबला आणि खनिज उचलायलाही कोणी राहिले नाही. भारताने उरलेला खर्च स्वतः करून १९८० मध्ये प्रकल्प उभा केला खरा, पण वर्षाला ७५ लाख टन माल तयार करण्याची क्षमता असलेल्या कारखान्याला गिऱ्हाईकच नव्हते. नवे खरेदीदार शोधावे लागले. पुढे १९८७ मध्ये मंगळुरूला पेलेट कारखाना सुरू झाला. पेलेट म्हणजे बारीक पूड भाजून केलेल्या लोखंडाच्या गोळ्या. त्यानंतर कंपनीला बऱ्यापैकी स्थिर बाजार मिळाला.

डोंगरातले लोखंड बंदरापर्यंत कसे जात असे?

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा भाग खरोखरच थक्क करणारा होता, आणि खाणीला विरोध करणारेही ते नाकारत नाहीत. फोडलेला दगड पिठासारखा बारीक दळायचा. त्यातून चुंबकाने लोखंडाचे कण वेगळे करायचे. लोखंडाचे प्रमाण अशा रीतीने सुमारे ६७ टक्क्यांपर्यंत नेले जाई. ही पूड पाण्यात कालवून तिचा दाट राडा करायचा. त्याला स्लरी म्हणतात. ती ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून घाट उतरून थेट पणंबूरला, म्हणजे नव मंगळूर बंदरापाशी पोहोचायची. डोंगर ते समुद्र हा उतारच कामाला लावला होता. ट्रकची रांग नाही, रेल्वे नाही, रस्त्यावर धूळ नाही. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात खनिजाच्या ट्रकांनी लाल झालेली गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातला फरक लगेच कळेल.

पण गणिताची दुसरी बाजू होती. साधारण तीन टन दगड दळला की एक टन माल मिळायचा. उरलेला दोन टन बारीक, ओला गाळ जाणार कुठे?

लक्या धरण म्हणजे काय?

तो गाळ गेला लक्या धरणात. भद्रेला मिळणाऱ्या लक्या नावाच्या ओढ्यावर कंपनीने मातीचे धरण बांधले, ते पाणी साठवण्यासाठी नव्हे तर खनिज काढून उरलेला चोथा अडवण्यासाठी. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत सुमारे १०० मीटरपर्यंत नेण्यात आली. म्हणजे तीसेक मजली इमारतीएवढी भिंत. तिच्या मागे एकेकाळी दरी होती, जंगल होते, ओढा होता. आता तिथे गाळाचे सपाट मैदान आहे. पावसाळ्यात त्यावर पाणी चढते, उन्हाळ्यात कडेला गवत येते. माहिती नसलेला माणूस त्याला तलावच समजेल.

धरणाच्या भिंतीने चोथा अडवला, पण खाणीच्या उघड्या उतारांवरून वाहणारी माती अडवणे तेवढे सोपे नव्हते. सात हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे मुंबईत वर्षभरात पडतो त्याच्या तिपटीच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. झाडोरा काढलेल्या डोंगरावर असा पाऊस कोसळला की काही मोजक्या दिवसांतच वर्षभराचा मोठा गाळ नदीत येतो. भद्रेचे पाणी पावसाळ्यात लालसर होते, खाली लक्कवळ्ळी येथील भद्रा धरणात गाळ साचतो, अशा तक्रारी शेतकरी आणि निसर्गप्रेमी करत राहिले. कंपनीचे म्हणणे होते की गाळ रोखण्याचे उपाय पुरेसे आहेत. दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ उभे राहिले, मोजमापे झाली आणि वाद अखेर न्यायालयात गेला.

इथल्या पाण्याचे एवढे महत्त्व का?

कारण याच रांगेत, गंगामूळ परिसरात, तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेला उतरून मंगळुरूजवळ समुद्राला मिळते. तुंगा आणि भद्रा पूर्वेकडे जातात. तुंगेच्या काठी शृंगेरी आहे. शिवमोग्याजवळ कुडली येथे दोन्ही एकत्र येऊन तुंगभद्रा होते आणि ती पुढे कृष्णेला मिळते. म्हणजे महाबळेश्वरला उगम पावलेल्या पाण्यात कुद्रेमुखचे पाणी येऊन मिसळते. मधल्या टप्प्यात कर्नाटक आणि आंध्रातील लाखो एकर शेती या पाण्यावर उभी आहे.

हे पाणी धरून ठेवण्याचे काम शोला जंगल करते. डोंगराच्या उघड्या उतारावर गवत आणि घळींमध्ये दाट, बुटके, शेवाळलेले सदाहरित जंगल अशी ही रचना असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की वरची झाडे कोणीतरी तोडली असावीत. तसे नाही. गवत आणि जंगल यांची ही नैसर्गिक जोडी आहे. गवताच्या उतारावरून आलेला पाऊस शोला पिऊन घेतो आणि उन्हाळ्यात थोडा थोडा सोडतो. म्हणूनच मार्चमध्येही इथले काही ओढे वाहताना दिसतात. ‘पडीक गवताळ जमीन’ असा शिक्का मारून अशा उतारांवर झाडे लावण्याचे प्रयोग पश्चिम घाटात अनेक ठिकाणी झाले आणि बहुतेक ठिकाणी ते अंगलट आले.

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपल्याकडचे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत तसे कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानही आहे.

खाण सुरू असताना राष्ट्रीय उद्यान कसे झाले?

याचे श्रेय एका माकडाला द्यावे लागेल. सिंहपुच्छ वानर हे काळ्या अंगाचे, चेहऱ्याभोवती करड्या आयाळीचे माकड केवळ पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळते. महाराष्ट्रात ते नाही. उल्हास कारंथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या भागात त्याची पाहणी केली आणि येथे मोठी संख्या असल्याचे दाखवून संरक्षित क्षेत्राची शिफारस केली. सप्टेंबर १९८७ मध्ये कर्नाटक सरकारने सुमारे ६०० चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान करण्याची प्राथमिक अधिसूचना काढली. अंतिम अधिसूचना निघाली २००१ मध्ये. तोवर खाण उद्यानाच्या पोटात सुरूच होती.

खाणपट्टा होता सुमारे ४,६०० हेक्टरांचा, आणि त्याची मुदत ३० वर्षांची. ती जुलै १९९९ मध्ये संपली. इथेच संघर्षाला तोंड फुटले. कंपनीला आणखी २० वर्षे हवी होती. वरचे मऊ, झिजलेले खनिज संपत आले असले तरी खाली कठीण खडकात साठा आहे, असा तिचा युक्तिवाद होता. कंपनी नफ्यात होती, परकीय चलन आणत होती, हजारो घरे तिच्यावर चालत होती. सरकारने तात्पुरत्या परवानग्यांवर काम चालू ठेवले.

सर्वोच्च न्यायालयात काय घडले?

नागरहोळेच्या जंगलात अनेक वर्षे शिकारी आणि लाकूडतस्करांशी दोन हात केलेले निवृत्त वनक्षेत्रपाल के. एम. चिन्नप्पा यांनी ‘वाइल्डलाइफ फर्स्ट’ या संस्थेच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. देशातील वनविषयक प्रकरणे ज्या गोदावर्मन खटल्यात एकत्र ऐकली जात होती, त्यातच हा अर्ज दाखल झाला. मुद्दा साधा होता. राष्ट्रीय उद्यानात खाण चालू शकत नाही, आणि वनसंवर्धन कायद्यानुसार मुदत संपलेल्या पट्ट्याला केंद्राच्या मंजुरीशिवाय मुदतवाढ देता येत नाही.

केंद्राच्या वन सल्लागार समितीने २००१ मध्येच २००५ अखेरपर्यंत काम गुंडाळण्याची शिफारस केली होती. ३० ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आधीच खणलेल्या क्षेत्रातील झिजलेले खनिज काढता येईल, पण ३१ डिसेंबर २००५ पर्यंत किंवा ते खनिज संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच. त्यानंतर खाण बंद. अखेरच्या महिन्यांत मुदतवाढीसाठी झालेले प्रयत्नही टिकले नाहीत. नफ्यात चालणारी सरकारी खाण वन्यजीव आणि नदीसाठी बंद करावी लागण्याचे इतके ठळक उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. गोव्यातील खाणी २०१२ आणि २०१८ मध्ये थांबल्या त्या वेळी कुद्रेमुखचा दाखला वारंवार दिला गेला, तो त्यामुळेच. फरक हा की गोव्यात प्रश्न खाण पुन्हा कशी सुरू करायची याचा होता. इथे ती कायमची गेली.

खाण गेली, मग माणसांचे काय झाले?

ही बाजू सहसा निसर्गरक्षणाच्या विजयगाथेत येत नाही. कंपनीच्या गावात शाळा, रुग्णालय, बाजार, मैदान, सगळे होते. खाण बंद झाली तसे लोक मंगळुरू, बंगळुरूकडे पांगले. रस्त्याकडेच्या ओळीने बांधलेल्या घरांपैकी बरीचशी आज रिकामी आहेत. भिंतींवर शेवाळ आणि दारांत झुडपे. पावसाचा जोर एवढा की बंद घर फार वर्षे तग धरत नाही.

दुसरा प्रश्न कंपनीशी संबंध नसलेल्यांचा होता. उद्यानाच्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी शेकडो कुटुंबे आहेत. त्यांत मलेकुडिया ही आदिवासी जमात आहे. ‘खाणीला २५ वर्षे चालते, मग आमच्या चार गुंठ्यांनी जंगलाचे काय बिघडते?’ हा त्यांचा सवाल होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. विस्थापनाच्या भीतीवर नक्षलवादी चळवळीने या भागात पाय रोवले. नोव्हेंबर २००३ मध्ये ईदू येथे पोलीस चकमकीत दोन तरुणी मारल्या गेल्या. त्यानंतरची काही वर्षे चकमकींची गेली आणि जंगलात फिरणेही अवघड झाले. हे पर्व जवळजवळ दोन दशके रेंगाळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उडुपी जिल्ह्यात विक्रम गौडा हा नक्षल नेता चकमकीत मारला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये सहा जणांनी आत्मसमर्पण केले.

मोबदला घेऊन बाहेर पडण्याची ऐच्छिक योजना काही कुटुंबांनी स्वीकारली. काहींनी नाकारली. उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याचा प्रस्तावही स्थानिक विरोधामुळे पुढे सरकलेला नाही.

शिखराची वाट कशी आहे?

मुल्लोडीपर्यंत पोहोचणे हाच पहिला ट्रेक म्हणावा लागेल. संसे-बालगलहून वर जाणारा पाच-सहा किलोमीटरचा रस्ता दगडधोंड्यांचा आणि तीव्र चढाचा आहे. आपली गाडी खालीच ठेवून स्थानिकांच्या जीपने जावे लागते. या जीप, मुक्कामाची घरे आणि वाटाडे हे इथल्या कुटुंबांचे आताचे उत्पन्न आहे. खाणीच्या काळात या वस्तीच्या वाट्याला फारसे काही आले नव्हते.

मुल्लोडीहून शिखर आणि परत हे अंतर १८ ते २० किलोमीटर भरते. सात ते नऊ तास धरावेत. सुरुवात कॉफीच्या बागा आणि झाडीतून होते, मग ओढे लागतात. पावसाळ्यात त्यांचे पाणी वाढले तर वाटाड्या सांगेल तसे थांबावे. पुढे ‘ओंटिमर’ म्हणजे एकटे झाड हा टप्पा येतो. इथून झाडी मागे पडते आणि गवताळ धारेवरची खरी चाल सुरू होते. डावी-उजवीकडे दऱ्या, समोर घोड्याचे तोंड. सह्याद्रीतल्यासारखे कातळटप्पे किंवा दोर लावावा असा भाग कुठेही नाही. दमवते ते अंतर आणि शेवटचा चढ. माथ्याच्या अलीकडे वाट पुन्हा शोलात शिरते. ओलसर, अंधारी, मुळांनी आणि दगडांनी भरलेली. इथे जुन्या दगडी भिंती उभ्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘चर्च’ म्हणतात. मग शेवटचे गवत आणि माथा. ढग असतील तर माथ्यावर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

बेळतंगडीच्या बाजूने नावूर, हेवळमार्गे चढणारी एक जुनी वाट जुने गिर्यारोहक आठवतात. ती लांब आणि अंगावर येणारी होती. आज परवाना मिळतो तो मुल्लोडीच्या वाटेचाच.

बाकीच्या वाटा कोणत्या?

ज्यांना खाणीच्या इतिहासात रस आहे त्यांनी शिखराऐवजी कुरिंजल निवडावे. कंपनीच्या जुन्या गावापासून जवळ असलेल्या भगवती निसर्ग शिबिराच्या परिसरातून ही वाट निघते. ती बरीचशी जीपच्या जुन्या रस्त्याने जाते, कारण माथ्याजवळ कंपनीच्या काळातले दूरसंचाराचे बांधकाम होते. त्याचे पडके अवशेष अजून आहेत. चढ सोपा, अर्ध्या दिवसात होणारा. वरून एका बाजूला अखंड शोला आणि दुसरीकडे जुन्या खाणवसाहतीचा परिसर एकाच नजरेत येतो.

गंगडीकल आणि वालीकुंज या छोट्या वाटाही याच उद्यानात आहेत. शृंगेरीजवळच्या किग्ग्याहून जाणारी नरसिंह पर्वताची वाट वेगळ्या स्वभावाची आहे. जंगल अधिक, उंची कमी, पाऊस मात्र आगुंबेचा. प्रत्यक्ष खाणीचा भाग, म्हणजे अरोलीचे कापलेले उतार, मात्र या वाटांच्या यादीत नाही. तिथे घुसण्याचा प्रयत्न करू नये. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय भुसभुशीत उतारांचाही.

परवाना आणि काळजी काय?

जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर उसळलेल्या गर्दीनंतर कर्नाटक सरकारने ऑनलाइन नोंदणी नसलेले ट्रेक काही काळ थांबवले आणि पुढे ‘अरण्य विहार’ हे संकेतस्थळ सुरू केले. कुद्रेमुख शिखरासाठी दिवसाला ३०० जणांची मर्यादा आहे. सुट्टीच्या दिवसांचे परवाने लवकर भरतात, त्यामुळे आधी परवाना आणि मग रेल्वेचे तिकीट हा क्रम पाळावा. सकाळी ठरलेल्या वेळेत चौकीतून आत जावे लागते आणि संध्याकाळपूर्वी बाहेर यावे लागते. माथ्यावर तंबू ठोकून राहण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा बंद ठेवल्या जातात. निघण्यापूर्वी तारखा तपासाव्यात.

कोकण रेल्वेने उडुपी किंवा मंगळुरूला उतरून कारकळ, बजगोळीमार्गे घाट चढता येतो. मंगळुरूपासून जुने खाणगाव सुमारे १०० किलोमीटर आहे. उद्यानातून जाताना वनविभागाच्या चौकीवर गाडीची वेळ नोंदवली जाते. मध्ये गाडी उभी करून फोटो काढण्याची सवय इथे महागात पडते.

जून ते ऑक्टोबर जळवा असतात. मिठाची किंवा तंबाखूची पुरचुंडी, उंच मोजे जवळ ठेवावेत. त्याहून गंभीर गोष्ट कोरड्या दिवसांतली. गोचिडीमुळे होणारा माकडताप, म्हणजे क्यासनूर वनज्वर, शेजारच्या शिवमोगा जिल्ह्यातच १९५७ मध्ये पहिल्यांदा आढळला. सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या लोकांना तो आता चांगलाच परिचित आहे. गवतात बसू नये, परतल्यावर अंगावर गोचीड आहे का पाहावे आणि नंतर ताप आल्यास डॉक्टरांना कुद्रेमुखला जाऊन आल्याचे सांगावे.

खाणीचा हिशेब मिटला का?

पूर्ण नाही. खाण गेल्यावर केआयओसीएलने मंगळुरूचा पेलेट कारखाना छत्तीसगडमधील बैलाडिलासारख्या ठिकाणचे खनिज आणून चालवला. स्वतःची खाण नसल्याने तो खर्च परवडेना. मग बळ्ळारी जिल्ह्यातील संडूरजवळच्या देवदारी टेकड्यांमध्ये नवी खाण मिळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. २०२४ मध्ये केंद्रीय पोलादमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनी त्याला गती दिली, तेव्हा कर्नाटकचे वनमंत्री ईश्वर खांड्रे यांनी कुद्रेमुखचाच मुद्दा काढला. तिथल्या वननियमांच्या उल्लंघनापोटी ठरलेली १,३०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम कंपनीने भरलेली नाही, ती भरेपर्यंत देवदारीची वनजमीन देऊ नये, अशी त्यांनी भूमिका घेतली. एका डोंगराची थकबाकी दुसऱ्या डोंगराच्या आड आली.

खणलेल्या उतारांवर कंपनीने झाडे लावली, त्यांत अकेशियासारखी बाहेरची जलद वाढणारी झाडेही होती. माती धरायला त्यांचा उपयोग झाला. मात्र मूळचे गवत आणि शोला त्या ठिकाणी परतणे ही वेगळी आणि फार लांबची गोष्ट आहे.

आणि लक्या धरण आहे तिथेच आहे. अशा धरणांचे काय होऊ शकते हे ब्राझीलमधील ब्रुमादिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी जगाने पाहिले. वापरात नसलेले गाळाचे धरण फुटून २७० जणांचा बळी गेला. आपल्याकडेही जुलै २०२१ मध्ये सिंधुदुर्गातील कळणे येथे खाणीतील चिखल-पाणी गावात शिरले होते. कुद्रेमुखची रचना वेगळी आहे आणि तिथे तसे काही घडलेले नाही. पण मातीची भिंत, तिच्यामागचा गाळ आणि दरवर्षीचा सात हजार मिलिमीटर पाऊस यांची बेरीज कायम राहणार आहे. सांडव्यातून पाणी नीट जाते का, भिंतीतून पाझर वाढतो का, हे दर पावसाळ्यात कोणीतरी जाऊन पाहावेच लागते. खाण २५ वर्षे चालली. ही देखरेख किती वर्षे करायची, याची मुदत कोणत्याही करारात लिहिलेली नसते.